एकाच तारखेच्या चिठ्ठ्या

काळाचौकी,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

सुचित्रा,

पत्र बघून दचकू नकोस. मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे, बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही हे दुपारी आठवत नाही, म्हणून आता रिकामी पाकिटं एका डब्यात टाकतो. गॅसची नळी बदलून घेतली. म्हणजे काळजीसारखं काही नाही.

काळाचौकीहून माटुंग्याला पोस्टाने पत्र पाठवणारा मी मुंबईतला एकटाच असेन, असं शेजारची मीनाक्षी म्हणते. "काका, बसने वीस मिनिटं. नाहीतर बोला तुम्ही, मी व्हॉट्सॅप करते." मी म्हटलं, ती माझा फोन उचलत नाही. तर म्हणाली, "मग पत्र तरी कशाला उघडेल?" तिला काय सांगणार. न उघडलेलं पत्र घरात पडून तरी राहतं. फोन वाजून बंद होतो.

सवयीप्रमाणे आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं करतोय. त्यामुळे दोन दिवस गेले.

२१ डिसेंबरला दादरला तुझं व्याख्यान झालं, त्याला मी आलो होतो. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आड. आमच्या जावयांनी, हितेंद्ररावांनी सांगितलं होतं, त्यांना रागावू नकोस. फलकावर लिहिलं होतं, "फिलॉलॉजी : एका शास्त्राचा इतिहास". मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, हे काय असतं हो? ते म्हणाले, "बसा आजोबा, मलाही कळलेलं नाही." मला मात्र कळलं. नाव नवीन होतं, काम ओळखीचं होतं.

जुन्या पोथीच्या दहा गावांत दहा प्रती सापडतात आणि दहांत दहा तऱ्हेचा मजकूर असतो. मूळ काय होतं ते पूर्वी शास्त्रीबुवा आपल्या अंदाजाने ठरवायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चुका मोजाव्यात. एकच चूक दोन प्रतींत एकाच जागी आढळली तर त्या दोघी एका घरातल्या. असं करत करत प्रतींचा वंशवृक्ष काढायचा. अंदाजाचं शास्त्र झालं ते इथे, आणि ते आपल्याकडे कधी आणि कसं झालं, हा तुझ्या डॉक्टरेटचा विषय. बरोबर सांगितलं ना?

तू आरतीच्या कागदाचं उदाहरण दिलंस. आपल्या चाळीच्या आरतीच्या पानात एक कडवं गळलेलं होतं आणि समोरच्या चाळीच्या पानातही तेच गळलं होतं, म्हणजे त्यांनी आपल्याकडूनच उतरवून घेतलं. लोक हसले. तू आठ वर्षांची असताना मंडपात मीच तुला हे दाखवलं होतं. तुला आठवत नसेल. आठवायलाच पाहिजे असं काही नाही.

मग पडद्यावर फणसळकर सरांची चिठ्ठी आली. तू म्हणालीस, "अक्षर बघा. एकही खाडाखोड नाही. आणि तारीख बघा, १४ जून १९६१." ही पद्धत सांगणारं परदेशी पुस्तक सरांच्या पोथी-संशोधन मंडळात आलं १९६९ साली, नोंदवहीत तसं आहे. म्हणजे त्याच्या आठ वर्षं आधी चिंतामणी फणसळकर नावाच्या माणसाने गिरगावातल्या एका खोलीत बसून ती स्वतःच शोधून काढली होती. तिसऱ्या प्रकरणाचा गाभा हाच, असं म्हणालीस. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

छान बोलतेस. पाणी कमी पितेस.

प्रबंध द्यायची तारीख काय ठरली? आणि त्या चिठ्ठ्या तू सगळ्या पाहिल्यास की थोड्याच? सहज विचारतोय.

बाबा


काळाचौकी,
शुक्रवार, १० जानेवारी

सुचित्रा,

परवाच्या पत्रात एक राहिलं. राहिलं म्हणजे, कच्च्यात होतं, पक्कं करताना गाळलं.

पडद्यावरचं ते अक्षर सरांचं नाही. माझं आहे.

मी मंडळात शिपाई म्हणून लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. सातवी पास. वर्षभर चहा आणला, कपाटं पुसली. एकदा सरांनी मला पत्त्यांची यादी उतरवताना पाहिलं आणि म्हणाले, "हात स्थिर आहे रे तुझा. पण अक्षर गाढवाचं." मग त्यांनी आपली एक चिठ्ठी पुढ्यात ठेवली आणि सहा महिने रोज एक तास गिरवायला लावली. सहा महिन्यांनी हिशेबनीस मला सरांची सही मागायला लागला. सर म्हणाले, "दगडू, आता तू माझा उजवा हात. डाव्याला सांगू नकोस."

सरांच्या त्या पोथीच्या कामाच्या अकराशेच्या वर चिठ्ठ्या. एका ओवीला एक चिठ्ठी. एकोणीस प्रतींत ती ओवी कशी कशी आहे, त्याच्या खाली सरांचा निर्णय. मूळ चिठ्ठ्या मळल्या होत्या, छापखान्याला वाचता येत नव्हत्या. म्हणून १९७४ ते ७६ मी बसून सगळ्यांची पक्की नक्कल केली. तू पाहिलास तो गठ्ठा तो.

अक्षर माझं असलं तरी शब्द सरांचेच आहेत. तेव्हा तुझ्या कामात काही बिघडू नये. बिघडतं का? तुझ्या वह्यांवर नाव मीच घालत होतो ना, त्याच अक्षरात. मला वाटलं होतं तू ओळखशील.

बाबा


काळाचौकी,
बुधवार, १५ जानेवारी

सुचे,

काल हितेंद्रराव तिळगूळ घेऊन आले. चांगला माणूस आहे, चहाला नाही म्हणत नाही. पत्रं मिळाली का विचारलं तर इकडेतिकडे बघायला लागले. मी धरूनच बसलो. शेवटी म्हणाले, "बाबा, खरं सांगू? वाचली तिने. मग ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाली, आता बाबांनाही क्रेडिट हवंय."

नाही गं. तसं नाही.

खरं म्हणजे तुला तसं वाटलं ते बरंच झालं, असं मला अर्धा तास वाटलं. गप्प बसायला कारण मिळालं. प्रबंध २८ फेब्रुवारीला द्यायचाय असं ते म्हणाले. तोपर्यंत मी गप्प राहिलो तर तू डॉक्टर होशील. त्या गठ्ठ्याबद्दल माहिती असलेलं दुसरं कुणी आता जिवंत नाही. मी सत्त्याहत्तरचा. फार थांबावं लागणार नाही.

पण तू त्या दिवशी एक वाक्य बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. प्रयोगशाळेत जशी वही असते तशा या चिठ्ठ्या, असं म्हणालीस. माणूस कुठे चुकला, कधी सुधारला, हे वहीत दिसतं, आणि दिसतं म्हणूनच त्याला शास्त्र म्हणायचं. नाहीतर तो चमत्कार.

तर ऐक. मूळ चिठ्ठ्या मळल्या होत्या असं मी लिहिलं. मळल्या नव्हत्या. खोडलेल्या होत्या. एकेका चिठ्ठीवर सरांनी चार-चार वेळा निर्णय फिरवला होता. आधी निळी शाई, मग पेन्सिल, मग लाल. प्रत्येक वेळी बाजूला नवी तारीख. एकसष्ट, चौसष्ट, सहासष्ट, सत्तर. वंशवृक्ष आधी एका तऱ्हेचा होता. १९७० साली सरांनी तो मुळातून उलटा केला. ते परदेशी पुस्तक वाचल्यावर. सकाळी अकराला यायचे आणि पाचपर्यंत खोडत बसायचे. मी रबर आणून द्यायचो तर म्हणायचे, "रबर नको. खोडलेलं दिसलं पाहिजे."

नक्कल करताना मला ते बरं दिसेना. एवढा मोठा माणूस आणि असा चाचपडत गेलेला. मी प्रत्येक चिठ्ठीवर शेवटचा निर्णय घेतला आणि तारीख पहिली घातली. काम सुरू केलं ती खरी तारीख, असा माझा हिशेब. ऑफिसात फाईल उघडतात ती तारीख वर घालतात ना, तशी. आणि पहिल्या चिठ्ठीवर १४ जून १९६१ होती, ती सुबक वाटली, म्हणून पुढे पुढे सगळ्यांवर तीच. छापखान्याला तारखेशी देणंघेणं नव्हतं. पुस्तकात तारखा छापल्याच नाहीत.

म्हणजे १९७०चा निर्णय आणि १९६१ची तारीख. तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचा गाभा म्हणजे मी केलेला नीटनेटकेपणा आहे.

मूळ चिठ्ठ्या काढून बघता येतील असं तुला वाटेल. त्या नाहीत. पुस्तक निघाल्यावर सर म्हणाले होते, जुना गठ्ठा नीट ठेवून दे. पुढच्या वर्षी नवे चिटणीस आले, त्यांना कपाट हवं होतं. ते म्हणाले, नक्कल आहे ना, मग ही रद्दी काढा. मी दोन पोती घरी आणली. तुझ्या आईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अवो, देवाचा नाव आसा तेच्यार. उद्या तेतूर कोणीतरी भजी बांधतलो. रद्दीत घालू नकात." मलाही ते पटलं. ओवीओवीला देवाचं नाव. फाटकी पोथी आपण रद्दीत घालतो का? गौरी-गणपतीच्या विसर्जनाला चौपाटीवर गेलो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो आणि सोडल्या. आई किनाऱ्यावर हात जोडून उभी होती. तू पोटात होतीस. शाई पाण्यात पसरली तेव्हा मला वाटलं, चांगलं काम झालं हातून.

कित्येक वर्षं तसंच वाटत होतं.

बाबा


काळाचौकी,
सोमवार, २७ जानेवारी

सुचित्रा,

बारा दिवस झाले. पत्र गहाळ झालं असेल असं समजून मी ते परत लिहून काढलं, मग मीनाक्षी म्हणाली, "काका, पोचलंय. रजिस्टर केलं होतंत ना? हे बघा, आलंय मोबाईलवर." आता तिला सगळं ठाऊक झालंय. मी सांगितलं नाही, तिने काढून घेतलं. म्हणते, "पण काका, तेव्हा तुम्हाला काय माहीत, पोरगी पुढे यावरच पीएचडी करणार म्हणून? तुमची चूक नाही."

तिला हो म्हटलं. पण तिथेच माझी चूक आहे, ती अशी.

१९९९ साली तुझं बीए झालं, संस्कृतात कॉलेजात पहिली आलीस. माटुंग्याहून धावत आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "बाबा, मी एमए करते. मंडळातल्या पोथ्यांवर. तुम्ही मला कार्ड काढून द्या." मी म्हटलं, बघतो. आठ दिवसांनी तुला सांगितलं, की मंडळाने बाहेरच्यांसाठी हस्तलिखितांची खोली बंद केली आहे. वर आणखी म्हटलं, ही कामं आपल्या घरातल्यांची नव्हेत, बँकेची परीक्षा दे.

खोली बंद नव्हती. रोज सकाळी मीच ती उघडत होतो.

तू आत गेली असतीस तर पहिल्यांदा सरांचा गठ्ठा मागितला असतास. लहानपणापासून त्याबद्दल ऐकत होतीस. आणि तू माझी मुलगी, तुझी नजर चिकट. आठवड्यात विचारलं असतंस, बाबा, अकराशे चिठ्ठ्या एका दिवशी कशा लिहिल्या? (आता का नाही विचारलंस? मला वाटतं, तू सरांवर फार विश्वास ठेवलास. मी शिकवलं होतं तुला ते.) तोपर्यंत मला उमगलं होतं मी काय केलंय ते. मंडळात येणारे विद्वान बोलायचे, मी पाणी ठेवता ठेवता ऐकायचो. खाडाखोड म्हणजे काय किमतीची गोष्ट, हे मला दहा वर्षं उशिरा कळलं. मग मी घाबरलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, सरांचं नाव जाईल म्हणून घाबरलो, आणि सगळ्यात जास्त, तू माझ्याकडे कशी बघशील म्हणून.

बँकेत बावीस वर्षं काढलीस. कधी तक्रार केली नाहीस.

आणि मग आईच्या वर्षश्राद्धाला तू सगळ्यांना सांगितलंस की नोकरी सोडली, डॉक्टरेट करते, फणसळकरांच्या चिठ्ठ्यांवर. मी जे बोललो ते आतापर्यंत "काहीतरी बोललो" असंच लोकांना सांगत आलो. शब्दशः लिहितो. "आई आजारी होती तेव्हा रजा मिळत नव्हती. आता पोथ्या चाळायला बरी मिळाली." पानावर बसलेल्या माणसांसमोर. तू ताटावरून उठलीस.

तू रजा मागितली होतीस, हे मला माहीत होतं. अर्ज आईने मला दाखवला होता.

घाबरलेला माणूस वाईट बोलतो. हे कारण आहे, माफी नव्हे.

बाबा


काळाचौकी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

सुचित्रा,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. मीनाक्षी माझ्याआधी जिन्यात ओरडली, "काका, माटुंगा!" सगळी चाळ बाहेर आली. मी पाकीट कात्रीने कापलं, वरचा कागद फाटू नये म्हणून.

आत पत्र नव्हतं. झेरॉक्सच्या दोन पट्ट्या, दोन-दोन ओळींच्या, एकीवर "अ" आणि दुसरीवर "ब". आणि एक वाक्य. "यातली तुमची कुठली, सरांची कुठली?"

सुरुवातीला आनंद झाला. मला वाटलं, एवढंच ना. चष्मा पुसला. मग भिंग काढलं. मग दारात उजेडात जाऊन बसलो. मीनाक्षी म्हणाली, "काय काका, लॉटरी लागली?" तिलाही दाखवलं. ती म्हणाली, एकाच माणसाचं आहे.

मला ओळखता आलं नाही. दोन दिवस बघतोय. वेलांटीचा झोक तोच, आडव्या रेघेचं टोक तसंच उचललेलं. कधी वाटतं अ माझं, जरा घाबरलेलं दिसतं. कधी वाटतं सरांचं अक्षर त्या वर्षी हाताच्या दुखण्याने घाबरलेलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी मी कुठे संपतो आणि सर कुठे सुरू होतात हे मला ठाऊक असायला हवं होतं. नाही ठाऊक. तुला चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे लिहितो.

पण तुझी पट्टी कापलेली आहे. तू वरचा भाग कापलास. पुरी चिठ्ठी असती तर सांगितलं असतं.

मी कुठलाही कागद लिहिताना वर मधोमध श्री घालायचो. वडिलांची सवय, गिरणीत पगाराच्या कागदावरसुद्धा घालायचे. नकलेच्या पहिल्या दिवशी मी वीस चिठ्ठ्यांवर श्री घातला. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "दगडू, ही चिठ्ठी आहे, लग्नपत्रिका नव्हे." वीसच्या वीस परत लिहिल्या. पण मला नाव घेतल्याशिवाय हात चालवता येईना. मग मी काय करायचो, वर मधोमध पेनाचं टोक टेकवायचो, मनात नाव घ्यायचो आणि मग लिहायला लागायचो. टोक टेकल्याचं टिंब उठायचं. मोहरीएवढंही नाही. सरांना कधी दिसलं नाही, की दिसून बोलले नाहीत.

तुझ्याकडे सगळ्यांचे फोटो आहेत ना? वर मधोमध बघ. टिंब असेल ती माझी. नसेल ती सरांची.

शेवटच्या अध्यायाच्या काही असतील बिनटिंबाच्या. त्या वेळी मला टायफॉईड झाला होता आणि छापखाना घाई करत होता, म्हणून सरांनी त्या तशाच पाठवल्या होत्या, खाडाखोडीसकट. छापखान्यातून परत आल्यावर मी त्या नकलेच्या गठ्ठ्यात तळाशी घातल्या. विसरलोच होतो. तुझी पट्टी बघून आठवलं.

या पत्रावरही टिंब आहे. मी आत्ता बघितलं. सगळ्याच पत्रांवर असेल.

बाबा


काळाचौकी,
गुरुवार, २० फेब्रुवारी

सुचे,

काल हितेंद्रराव फाईल देऊन गेले. त्यांनी सांगितलं ते आधी लिहितो, म्हणजे चुकीचं ऐकलं असेन तर दुरुस्त करशील.

तू चार दिवस मंडळात बसून होतीस. अकराशे बारा चिठ्ठ्यांवर टिंब निघालं. सदतीसवर नाही. त्या सदतीसही तू पूर्वी पाहिल्या होत्यास, पण त्यांवरचं खरडणं नंतरच्या कुणा अडाण्याचं असेल असं समजून परिशिष्टात ढकलल्या होत्यास. म्हणजे माझं ते सरांचं ठरलं आणि सरांचं ते अडाण्याचं. हितेंद्रराव म्हणाले, हे सांगताना तू हसलीस. मग बराच वेळ बाथरूममध्ये होतीस.

तुझ्या मार्गदर्शक बाईंनी म्हटलं म्हणे, "आठ दिवस राहिलेत, आता कशाला उकरताय? कोण बघणार आहे?" आणि तू म्हणालीस, "मी बघितलंय ना." सहा महिन्यांची मुदत मागितलीस. तिसरं प्रकरण मोडलंस.

हे ऐकून मला भजन ऐकल्यासारखं वाटलं आणि भीतीही वाटली. दोन्ही.

फाईलमधले सदतीस फोटो मी बघितले. निळी, पेन्सिल, लाल. पन्नास वर्षांनी सर परत खोडताना दिसले. तुझे आठ प्रश्नही वाचले. खाली लिहिलंयस, "बाबा, पक्कं करू नका. कच्चंच द्या." दोन वर्षांनी बाबा लिहिलंस, ते मी मीनाक्षीला दाखवलं. ती म्हणाली, "काका, रडताय काय, उत्तरं लिहा."

सात प्रश्नांची उत्तरं वेगळ्या कागदांवर आहेत. जेवढं आठवतं तेवढं. नक्की आठवत नाही तिथे "बहुतेक" लिहिलंय, आणि काहीच आठवत नाही तिथे कागद कोरा सोडलाय. पूर्वी मी कोरं सोडत नसे.

चौथा प्रश्न इथे. "मूळ चिठ्ठ्या नाहीत आणि नकलेवर तारखा चुकीच्या आहेत, हे फणसळकर सरांना ठाऊक होतं का?"

नाही. त्यांना

१९८८ साली दादरला सरांचा सत्कार ठरला. मानपत्राचा मसुदा आठ दिवस आधी आला. त्यात लिहिलं होतं, की परदेशी पंडितांच्या आधी यांनी हे शास्त्र स्वतंत्रपणे सिद्ध केलं, चिठ्ठ्यांवरच्या तारखा त्याला साक्ष आहेत. कुणीतरी तुझ्यासारखंच नकलेवरून लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं, कारण सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते म्हणाले, "छे. हे खोटं आहे. दगडू, जुना गठ्ठा आण, त्यांना दाखवू."

मी नवा आणला.

सरांनी वरची चिठ्ठी उचलली. दिसत नव्हतं म्हणून अंगठ्याने चाचपली. खोडलेल्या कागदाला बोटाखाली चर लागतात. हा गुळगुळीत होता. दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. मग म्हणाले, "हा जुना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "दुसरा कुठला आहे?" मी म्हटलं, नाही सर. देवाचं नाव होतं, चौपाटीला सोडला.

ते खिडकीकडे तोंड करून बसले. चहा निवला. मग म्हणाले, "बरं. ठेव तो जागेवर."

सत्काराला मी त्यांचा हात धरून व्यासपीठावर नेलं. मानपत्र वाचलं गेलं, ते वाक्य जसंच्या तसं होतं. सरांचा हात माझ्या हातात होता. त्यांनी दाबला, की मी दाबला, सांगता येत नाही. बोलायला उभे राहिले तेव्हा सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. त्या वाक्याबद्दल बोलले नाहीत. नंतर तीन वर्षं जगले. तेव्हाही नाही, मलाही नाही.

ते माझ्यासाठी गप्प राहिले, की मानपत्रासाठी, हे मला समजलेलं नाही. छत्तीस वर्षं मी "माझ्यासाठी" असं धरून चाललो. तू धरून चालू नकोस. तुझं काम मोजण्याचं आहे.

रविवारी रेकॉर्डर घेऊन येईन असं फाईलवर लिहिलंयस, माहिती देणाऱ्याचं नाव लागेल असंही. लिही : दगडू भिकाजी घाग, शिपाई. दुपारी ये, सकाळी पाण्याची वेळ असते. मीनाक्षी कोलंबीचं कालवण करते म्हणाली. आईच्या हातचं नव्हे, पण कोकमाचं आगळ किती घालायचं ते तिने आईलाच विचारून घेतलं होतं. जेवायचं नसेल तर नुसती ये.

या पत्राचं पक्कं केलेलं नाही. वर चौथ्या उत्तरात मी "नाही. त्यांना" एवढं लिहून खोडलंय, ते तुला दिसेल. फार गिरवलेलं नाही. खोडलेलं वाचता येईल, एवढंच खोडलंय.

दगडू